इस्पिकचा राजा फुकट गेला नाही

नमस्कार. ब्रिजच्या त्या डावाबद्दल तुमचा आक्षेप असा, की पूर्वेने दुसऱ्याच हाताला इस्पिकचा राजा खेळून डिक्लेररचे (बोली जिंकून डाव खेळणाऱ्या दक्षिणेचे) राणी-गुलाम मोठे केले. जोडीदाराचा (पश्चिमेचा) बदाम परत करायला हवा होता. शिवाय तुम्ही याला ‘डेशापेल कू’ (मोठं पान मुद्दाम बळी देण्याची एक चाल) म्हटलंत. दोन्ही मला पटत नाही.

पानं पुन्हा मांडतो. दक्षिणेची बोली १ नो-ट्रम्प (हुकुमाशिवायचा डाव; १५ ते १७ गुण), उत्तरेने थेट ३ केले, म्हणजे तेरापैकी नऊ हात हवेत. पश्चिमेची उतारी बदाम गुलाम. डमीवर (उत्तरेच्या उघड्या पानांत) इस्पिक एक्का-छक्की, बदाम सत्ती-चौकी, चौकटची चार बारकी, किलवर राजा-राणी-गुलाम-दश्शी-पंजी. पूर्वेकडे इस्पिक राजा-नव्वी-अठ्ठी-सत्ती, बदाम एक्का-पंजी, चौकट गुलाम-दश्शी-अठ्ठी-सत्ती, किलवर एक्का-अठ्ठी-चौकी. पहिला हात बदाम एक्क्याचा.

आता गुण मोजा: एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १, एकूण ४०. डमीचे १०, पूर्वेचे १२, उरले १८. दक्षिणेकडे किमान १५, म्हणजे पश्चिमेकडे फार तर ३, आणि त्यातला एक गुलामात दिसलाच. तेव्हा चौकट एक्का-राजा आणि बदाम राजा दक्षिणेकडेच. गुलामाची उतारी ही वरची राणी नसल्याची खूण, म्हणजे बदाम राणीही दक्षिणेकडेच. हे चार हात, इस्पिक एक्का पाचवा, किलवरचे चार. झाले नऊ! बदाम परत केला की हे नऊ ठरलेलेच. किलवर एक्क्याने आत आल्यावर राजा खेळू म्हटलं तर उशीर होतो: डमी एक्क्याने जिंकून उरलेले किलवर ओढते. बारकं इस्पिक खेळलं तर दक्षिण ते राणी-गुलामातल्या एकाने हातातच घेते.

राजाने मात्र डमीचा एकमेव प्रवेश (डमीवर जाऊन उतारी मिळवायची वाट) तुटतो. दक्षिणेने तो हात सोडला (एक्का न टाकता जाऊ दिला) तरी पुन्हा इस्पिक खेळायचं. एक्का एकटा उरलाय, पडणारच. मग डमीवरून किलवर राजा येतो. पश्चिमेने दुर्री टाकली; आधी लहान पान, म्हणजे त्या रंगाची विषम संख्या असल्याची खूण. तीन धरली तर दक्षिणेकडे दोनच. पूर्वेने एकदाच सोडायचं. दक्षिणेला इस्पिकचे तीन, बदामचे दोन, चौकटचे दोन, किलवरचा एक: आठ. एक डाऊन, म्हणजे बोलीला एक हात कमी. आधीच्या नऊच्या हिशोबात इस्पिकचे दोन हात जास्त दिले, किलवरचे तीन मारले.

खरी चूक होण्याची जागा पुढे आहे, आणि तिच्याबद्दल कुणीच विचारलं नाही. दक्षिण आपले सगळे मोठे हात वाजवते तेव्हा बदाम राणीवर पूर्वेला पान टाकावं लागतं. तिथे किलवर अठ्ठीच टाकायची. ती राखली तर किलवर एक्का घेऊन, इस्पिक सत्ती आणि चौकट गुलाम वाजवून झाल्यावर शेवटी अठ्ठीच खेळावी लागते, आणि नववा हात डमीला मिळतो. अठ्ठी गेलेली असेल तर एक्क्यानंतर सत्ती, गुलाम, दश्शी तिन्ही चालतात.

नावाचं म्हणाल तर डेशापेल कूमध्ये मोठं पान जातं ते जोडीदाराकडे प्रवेश तयार करायला. इथे प्रतिपक्षाचा प्रवेश मोडला, म्हणून हा मेरिमॅक कू. जून १८९८ मध्ये अमेरिकी नौदलाने क्यूबातल्या सांतियागो बंदराच्या तोंडाशी स्पॅनिश आरमार कोंडायला आपलंच कोळशाचं जहाज ‘मेरिमॅक’ बुडवलं, त्यावरून हे नाव पडलं.

डमीवर इस्पिकची तीन पानं असती तर तुमचंच खरं ठरलं असतं. तेव्हा दक्षिण राजा सोडून पुढचं इस्पिक राणीने हातात घेते आणि एक्का जागेवर राहतो.