हे घर फुकट मिळालेलं नाही

2025च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीतल्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी भाड्याच्या चाळीतल्या, 556 कुटुंबांना पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात आम्हीही होतो. तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, "वरळीत पाचशे फुटांचं घर, तेही फुकट! नशीब काढलंत." इतके दिवस गप्प बसले. आता राहवत नाही म्हणून लिहितेय.

आमचे आजोबा कणकवलीकडून आले आणि कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात गावचे आठ-नऊ जण राहायचे. पहिल्या पाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रात्रपाळीवाल्याची वळकटी पडायची. पुढे आजी आली, मुलं झाली. मजल्यावर वीस खोल्या, संडास सगळ्यांना मिळून. आजारी माणसालाही रांग चुकली नाही. आईला मी पोटात असताना तिने ती रांग कशी काढली, ते ती अजून डोळ्यांत पाणी आणून सांगते.

आणि ही चाळ तरी कोणाच्या पैशातून उभी राहिली? जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, निघालं. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला. म्हणजे वरळीच्या त्या 121 इमारती कापसाच्या पैशावर उभ्या राहिल्या. तो कापूस कातला-विणला कोणी?

भाडं कमी होतं, मान्य. पण ते आम्ही भरलं. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि आजोबांचा पगार थांबला तो कायमचाच. आजीने खोलीतच खाणावळ घातली. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. त्या दोन वर्षांच्या भाड्याच्या पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. कडा पिवळ्या पडल्यात, काहींवर तेलाच्या बोटांचे डाग आहेत. एक महिनासुद्धा चुकलेला नाही. छताचं प्लास्टर आजोबांच्या खाटेवर पडलं तेव्हा गिलावा सरकारने नाही, आम्हीच करून घेतला.

आजोबा म्हणायचे, "सरकारने हप्ते बांधून द्यावेत, मी ही खोली विकतच घेतो." कामगाराला त्याची खोली विकत घ्यायची सोय तेव्हाच करून द्यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. तीन पिढ्या आम्ही भाडेकरूच राहिलो. आता मालकी आली, पण ती बघायला आजोबा नाहीत.

शिवाय नव्या इमारतींचा खर्च त्याच जमिनीच्या उरलेल्या भागावर विक्रीची घरं बांधून काढायचा आहे. तुमच्या खिशातून नाही.

बोलायचंच असेल तर ज्यांच्याकडे सरकारी खोली नव्हती त्या गिरणी कामगारांवर बोला. म्हाडाच्या 2020च्या सोडतीत त्यांना 225 फुटांच्या घरासाठी साडेनऊ लाख मोजावे लागले. लाखाच्या वर कामगार आणि वारस तर अजून वाटच बघतायत. कितीतरी जण वाट बघता बघता गेले. त्यांना गिरणगावातच घर मिळायला हवं, मुंबईबाहेर कुठेतरी नाही.

नव्या घरात कलशानंतर पहिलं काय गेलं असेल तर तो पावत्यांचा डबा. बाबांनी तो कपाटात मालकीच्या कागदांवरच ठेवलाय. आता कोणी फुकट म्हटलं की मी डबा काढते आणि आजीने भरलेल्या भाड्याच्या त्या पावत्या समोर ठेवते.