काळपट रक्त म्हणजे खराब रक्त? नाही हो

परत तो मेसेज फिरतोय. "वर्षातून दोनदा शीर टोचून नाहीतर जळवा लावून अशुद्ध रक्त काढून टाका, पूर्वी सगळे हेच करायचे, आजचे डॉक्टरपण करतात फक्त सांगत नाहीत." मला एकट्याला तिघांनी पाठवलाय म्हणून एकदाच लिहितो.

"काळं निघतं तीच घाण." सगळा घोळ त्या "अशुद्ध" शब्दाने केलाय. शिरेतलं रक्त अशुद्ध असं शाळेत घोकलं आणि ते डोक्यात पक्कं बसलं, पण त्याचा अर्थ एवढाच की पेशींना ऑक्सिजन देऊन झालाय आणि रक्त परत फुप्फुसाकडे निघालंय. टेस्टला दंडावर पट्टा बांधून रक्त घेतात ना, तेव्हा नळीकडे बघा, ठणठणीत माणसाची पण काळपट लालच भरते. शिवाय समजा घाण असलीच तर ती अख्ख्या पाच लिटरमध्ये मिसळलेली असणार, अर्धा लिटर काढून उरलेलं साडेचार लिटर कसं काय स्वच्छ झालं? गाळायचं काम किडनी आणि लिव्हर रोज करतातच.

"पूर्वी सगळे करायचे." करायचे की! डिसेंबर 1799 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, एका दिवसात मिळून दोन लिटरच्या वर रक्त काढलं, त्याच रात्री माणूस गेला. (रक्त काढल्यानेच गेला असं मी म्हणत नाही, आजार भयंकरच होता, पण आधीच श्वास अडकलेल्या माणसाचं एवढं रक्त काढायचं म्हणजे कमाल आहे.) पुढे पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरने न्यूमोनियाचे पेशंट चक्क मोजून बघितले, 1835 मध्ये छापलं, रक्त काढल्याचा फायदा लोक सांगत होते त्यापेक्षा खूपच कमी निघाला.

"आजचे डॉक्टरपण करतात." हो, आणि लपवत बिपवत नाहीत. हिमोक्रोमॅटोसिसमध्ये अंगात लोह साठत जातं, तिथे काढलेल्या रक्ताच्या एका पिशवीमागे 200-250 मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं. पॉलिसायथेमिया व्हेरात रक्त घट्ट होतं, तिथे हिमॅटोक्रिट (म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा) 45 टक्क्यांच्या खाली ठेवायला काढतात. जळवांना तर अमेरिकेच्या एफडीएने 2004 मध्ये परवानगी दिलीय, तुटलेलं बोट जोडल्यावर तिथे तुंबलेलं रक्त ओढायला. घाण काढायला नाही. आता हे ज्याचं हिमोग्लोबिन आधीच कमी त्याने मेसेज वाचून केलं तर त्याचं आहे तेवढं लोहपण गेलं.

राहिलं "नंतर एकदम हलकं वाटतं". अहो ते बीपी उतरल्यामुळे गरगरतंय, आधी आडवे व्हा.