जवस जरूर खा, पण रक्तदाबाची गोळी सोडू नका

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला पाच-सहा जणांकडून आला. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक चमचा जवस चावता आले तर चावून, नाहीतर अख्खे गिळा. तीन महिन्यांत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल नॉर्मल, गोळ्या कायमच्या बंद. ओमेगा-३ पूर्ण मिळतं, माशांची गरज नाही. पाळी जाण्याच्या वयातल्या गरम वाफा थांबतात. पोटाची चरबी वितळते. कॅन्सर होत नाही, झालेला बरा होतो. आणि शेवटी: नैसर्गिक आहे, कितीही घ्या, अपाय शून्य.

मी स्वतः कित्येक वर्षं रोज जवस खाते आणि पुढेही खाणार आहे. तरी हे लिहायला बसले, त्याला कारण माझी मावशी. तिच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाच्या गोळ्यांचं एक पाकीट हाती लागलं. दहातल्या सात गोळ्या तशाच होत्या, आणि हिशेबाने ते पाकीट महिन्यापूर्वीच संपायला हवं होतं. मशीन लावलं, तर वरचा आकडा १७८. ती अगदी शांतपणे म्हणाली, "अगं, पण मी जवस घेते ना रोज!"

म्हणून सुरुवात रक्तदाबापासूनच करते. हा दावा हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करायला हवं. कॅनडात विनिपेगला झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले ११० रुग्ण त्यात होते. काहींना रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस घातलेले पदार्थ दिले, बाकीच्यांना तसेच दिसणारे, पण जवस नसलेले. सहा महिन्यांनंतर जवस खाणाऱ्यांचा वरचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० ने आणि खालचा सुमारे ७ ने कमी होता. ज्यांचा वरचा आकडा मुळात १४० किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यात तर फरक १५ च्या घरात गेला. खाण्यातल्या एका बदलाने एवढं साधणं ही मोठीच गोष्ट आहे.

पण मेसेजमध्ये येईपर्यंत यातलं काय काय गळलं, ते बघा. ३० ग्रॅम म्हणजे दळलेल्या जवसाचे चार मोठे चमचे. चहाच्या एका चमच्यात जेमतेम अडीच-तीन ग्रॅम मावतं. रुग्ण एका विशिष्ट आजाराचे होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यातल्या बहुतेकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालूच होत्या. जवस गोळीच्या जोडीला होतं, तिच्या जागी नव्हतं. शिवाय इतर सगळे अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी घट यापेक्षा बरीच कमी, वरच्या आकड्यात दोन-तीन अंकांची भरते. मावशीसमोर मी कागदावर लिहून दाखवलं: १७८ वजा ३. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली.

रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर उलटा झटका बसतो, हेही सांगायला हवं. बीटा ब्लॉकर गटातली औषधं अचानक थांबवली तर छातीत दुखू शकतं, हृदयावर ताण येऊ शकतो. गोळी कमी करायचीच असेल तर ती डॉक्टर कमी करतील, आकडे बघून, टप्प्याटप्प्याने.

कोलेस्टेरॉलची गोष्टही याच वळणाची. २००९ मध्ये २८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी सुमारे ३ मिलिग्रॅमने उतरलेलं दिसलं. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये आणि मुळात कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांमध्ये परिणाम अधिक ठळक होता. तो बियांचा होता, तेलाचा दिसला नाही. म्हणजे जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल घेऊन कोलेस्टेरॉल उतरण्याची वाट बघणाऱ्यांनी विचार करावा. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या नेहमीच्या डोसने एलडीएल ३० टक्के किंवा त्याहून जास्त उतरतं. हृदयविकार असलेल्या माणसाने या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत.

"ओमेगा-३ पूर्ण मिळतं, माशांची गरज नाही." हा दावा शिकलेली माणसंही मान डोलावून स्वीकारतात, म्हणून इथे जरा थांबते. ओमेगा-३ हे एका पदार्थाचं नाव नाही, ते कुटुंबाचं नाव आहे. जवसात असतं ते एएलए (अल्फा-लिनोलेनिक आम्ल), आणि ते भरपूर असतं: दळलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १.६ ग्रॅम. प्रौढ पुरुषाला दिवसाला साधारण तेवढंच पुरेसं मानतात, स्त्रीला १.१ ग्रॅम. तेव्हा एएलएपुरतं बोलायचं तर एका मोठ्या चमच्यात दिवसाची गरज भागते, आणि हे जवसाचं खरंखुरं वैभव आहे.

माशांमधलं ओमेगा-३ मात्र वेगळं, ईपीए आणि डीएचए. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात जे साठलेलं असतं ते डीएचए. आपलं शरीर एएलएपासून ही दोन्ही बनवू शकतं, पण फार थोडी. ईपीएमध्ये रूपांतर बहुधा दहा टक्क्यांच्या आतच राहतं आणि डीएचएपर्यंत पोहोचणारा वाटा अनेकदा एक टक्काही नसतो. तरुण स्त्रियांचं शरीर हे काम पुरुषांपेक्षा बरं करतं. मासे न खाणाऱ्यांसाठी जवस नक्कीच मोलाचं आहे, आणि त्यांना याहून जास्त डीएचए हवं असेल तर शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं. मासेही मुळात ते शेवाळातूनच मिळवतात. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, मेसेजवर सोडू नये.

"अख्खे गिळले तरी चालतात." चालतात, म्हणजे पोटातून चालत जातात आणि बाहेर पडतात. जवसाचं टरफल इतकं कडक आणि गुळगुळीत असतं, की न चावलेलं बी बऱ्याचदा जसंच्या तसं बाहेर येतं. अख्खं बी, दळलेलं बी आणि तेल यांची तुलना झाली तेव्हा रक्तातलं एएलए वाढलं ते दळलेल्या बियांनी आणि तेलाने. अख्ख्या बियांनी लक्षात येण्याजोगी वाढ झाली नाही. लिग्नॅन या, इस्ट्रोजेन संप्रेरकाशी थोडं साधर्म्य असलेल्या घटकाचंही तसंच. तो बी फुटल्यावरच आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती नीट लागतो, आणि ते जिवाणू त्याचं एंटेरोलॅक्टोनसारख्या पदार्थांत रूपांतर करतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की हे काम काही काळ मंदावतं.

आता गरम वाफा. हा विषय माझ्या वयाच्या बायकांच्या जिव्हाळ्याचा, म्हणून तो मी नीट वाचला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात स्त्रियांनी सहा आठवडे रोज ४० ग्रॅम दळलेलं जवस खाल्लं आणि वाफांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. मेसेजमधला दावा बहुधा इथूनच उगवला. पण त्या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता. मग १८८ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवसाची वडी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी वडी, आणि कुणाला कुठली मिळते हे कुणालाच ठाऊक नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा त्रास निम्म्याने कमी झाला होता. साध्या वडीनेही तेवढाच! त्रास काळाबरोबर कमी-जास्त होत असतो, आणि काहीतरी उपाय चालू आहे या भरवशानेही बरं वाटतं. त्या बायकांना आलेला आराम खरा होता, त्याचं श्रेय जवसाला देता येत नाही एवढंच. ज्यांची झोप उडाली आहे, कामात लक्ष लागत नाही, त्यांनी वर्षभर चमच्यावर विसंबून कळ काढू नये. यावर चांगले उपचार आहेत आणि ते मागायला संकोच करण्याचं काहीच कारण नाही.

चरबी वितळण्याचा मुद्दा थोडक्यात उरकते. चाळीसहून अधिक अभ्यासांच्या आढाव्यात सरासरी घट निघाली सुमारे एक किलोची, तीही रोज ३० ग्रॅम आणि तीन महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्यांत अधिक. ३० ग्रॅम जवसात १६० कॅलरी असतात. जेवण तेच ठेवून वरून जवस खाल्लं, तर वजन वाढेल.

कॅन्सरबद्दल मात्र मला राग आवरत नाही. टोरांटोमधला एक छोटा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेची वाट बघण्याच्या महिनाभरात रोज २५ ग्रॅम जवस घातलेला मफिन दिला. गाठीतल्या पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारी एक खूण त्यांच्यात सुमारे ३४ टक्क्यांनी उतरली. उत्सुकता वाढवणारी गोष्ट आहे, पुढे शोध घेण्याजोगी. पण त्या सगळ्या स्त्रियांची शस्त्रक्रिया ठरलेली होती. जवसाने गाठ गेली, आयुष्य वाढलं, असं त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही. १९५० च्या दशकात जर्मनीत योहाना बुडविग यांनी जवसाचं तेल आणि ताजं चीज यांवर आधारलेला कॅन्सरचा आहार सांगितला. तोही आज असाच फिरतो, आणि त्याने कॅन्सर बरा होतो याचा पुरावा आजवर नाही. उपचार लांबवलेला प्रत्येक महिना गाठीच्या पथ्यावर पडतो. असा मेसेज पुढे ढकलणाऱ्याने क्षणभर तो वाचणाऱ्या रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून बघावं.

राहिलं "कितीही घ्या". एक चमचा जवस अर्ध्या वाटी पाण्यात अर्धा तास ठेवा आणि बोट बुडवा. बुळबुळीत, तार सुटणारा चिकट थर बोटाला लागेल. हा चिकटपणाच मल मऊ करतो. बद्धकोष्ठावर जवसाचा उपयोग चांगला आहे, जर्मनीत तर त्यासाठी अधिकृत मात्रा ठरली: एक मोठा चमचा अख्खं किंवा ठेचलेलं जवस, सोबत साधारण १५० मिलिलिटर पाणी, दिवसातून दोन-तीनदा, आणि परिणामाला दोन-तीन दिवस द्यायचे. मात्र पाणी कमी पडलं तर तोच चिकट गोळा आतड्यात अडकू शकतो. आतडं अरुंद झालेल्यांनी किंवा गिळायला त्रास असलेल्यांनी जवस घेऊच नये. तोच थर औषधंही धरून ठेवतो, म्हणून औषध आणि जवस यांत तास-दोन तासांचं अंतर हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

आणखी एक गोष्ट मेसेजवाल्यांना बहुधा ठाऊकच नसते. जवसात सायनाइड मोकळं करणारे घटक नैसर्गिकरीत्याच असतात. बी दळलं आणि ओलं झालं की सायनाइड सुटायला लागतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये एका वेळची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोला २० मायक्रोग्रॅम सायनाइड अशी धरली. स्वीडनची अन्नसंस्था तर दळलेलं कच्चं जवस टाळायलाच सांगते. मला तो सल्ला जरा कडक वाटतो, कारण महिनोन् महिने ३० ग्रॅम खाणाऱ्यांच्या अभ्यासांत विषबाधा झालेली नाही, आणि थोडं सायनाइड शरीर स्वतः निकामी करतं. पिठात मिसळून भाजलं की हे प्रमाण आणखी उतरतं. पण मर्यादा वजनावर ठरते, म्हणून लहान मुलांना मोठ्यांच्या चमच्याने जवस भरवू नका. मोठ्यांनीही दळलेल्या जवसाचे दिवसाला एक-दोन मोठे चमचे, तेही विभागून, एवढ्यावर थांबावं.

मावशी आता गोळी सकाळी घेते आणि जवस दुपारी जेवणाबरोबर. दर आठवड्याला थोडंच दळते, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन झपाट्याने शोषतं. म्हणून तर चित्रकार ते शतकानुशतकं तेलरंगात वापरत आले, रंग सुकून घट्ट बसतो. त्याच गुणामुळे दळलेलं जवस लवकर खवट होतं. तिला सांगून ठेवलंय, बरणी उघडल्यावर रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर आख्खी बरणी रिकामी करायची.