दर्शनी भिंत ठेवली म्हणजे पब वाचला?

आज ऑफिसातून येताना डोकंच फिरलं. आमच्या स्टेशनाजवळचा जुना व्हिक्टोरियन पब नूतनीकरणासाठी बंद आहे. बाहेर राडारोड्याचा लोखंडी कंटेनर आणि त्यात नक्षीच्या काचा, फुटलेल्या. एका तुकड्यावर द्राक्षवेलीचं अर्धं पान दिसत होतं. आणि वर पाटी काय, तर 'ऐतिहासिक दर्शनी भाग जपत आहोत'! चेहरा ठेवून आतडी काढायची आणि वर जपल्याचा आव आणायचा.

बाबा लंडनला आले होते तेव्हा त्यांना हॉलबर्नच्या 'प्रिन्सेस लुईस' या जुन्या पबमध्ये नेलं होतं. जन्मभर सुतारकाम केलेला माळकरी माणूस. दारातच अडले, "गुत्त्यात नेतोस होय मला?" आत गेल्यावर मात्र बोलणंच बंद. इमारत १८७२ची, पण आतला थाट १८९१चा. रंगीत टाइल्स, कोरीव आरसे, मधोमध बार आणि त्याच्याभोवती महोगनी नि नक्षीच्या काचांच्या पडद्या घालून केलेल्या चिमुकल्या खोल्या. बाबांनी पडदीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "सांधा सापडत नाही रे."

त्या पब्सची गंमतच या पडद्यांत आहे. एकाच छताखाली चार जगं. जवळच्या 'द लॅम्ब'मध्ये तर बारवर तोंडासमोर फिरत्या काचेच्या झडपा आहेत, पिणाऱ्याला बारवाल्यानं ओळखू नये म्हणून. हो, माहितीय, यात वर्गभेद होता. साहेब इकडे, मजूर तिकडे. होता, मान्य. म्हणून काचा फोडायच्या?

आता कुणीतरी येऊन सांगेलच की धंदा चालत नाही, पब धडाधड बंद पडताहेत. खरंय तेही. पण 'प्रिन्सेस लुईस'च्या पडद्याही मध्यंतरी काढून टाकल्या होत्या, आणि २००७च्या सुमारास मालक ब्रुअरीनं जुन्या धर्तीवर पुन्हा बसवल्या. हे बाबांना सांगितलं तर ते परत वाकून बघायला लागले. "म्हणजे हे काम जाणणारी माणसं आहेत अजून." केवढे खूश झाले होते! संत्र्याचा ज्यूस तसाच राहिला. तिथल्या मुताऱ्यासुद्धा संगमरवरी. बाहेर येऊन हळूच विचारतात, "चपला काढून जायचं होतं का रे?"

बाबांना आज त्या कंटेनरचा फोटो पाठवणार होतो. नाही पाठवला.

आपल्याकडचे वाडे पडताना हळहळणारी तुम्ही माणसं, तुम्हाला अजून काय सांगू? आणि 'दारूच्या दुकानाचं कसलं कौतुक' असली कमेंट कृपया नको, आज माझं डोकं ठिकाणावर नाही. लंडनमध्ये असाल तर शनिवारी दुपारी हॉलबर्नला या. पिऊ नका हवं तर. गर्दी व्हायच्या आत मागच्या बाजूची खोली धरू.