नख्या चार की पाच?

2024 च्या ऑक्टोबरमध्ये शाळेच्या हाफ-टर्मच्या, म्हणजे सत्रामधल्या, सुट्टीत आम्ही मँचेस्टरहून लंडन पाहायला गेलो. मी, पत्नी, नऊ वर्षांची लेक आणि कऱ्हाडहून दोन महिन्यांसाठी आलेले माझे वडील असे चौघे होतो. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसांबरोबर ट्यूबचे, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचे, भाडे पडत नाही आणि राष्ट्रीय संग्रहालयांत कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही, त्यामुळे लेकीपुरती ही सहल जवळपास फुकटात झाली. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये छताला टांगलेला, पंचवीस मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा तिने मान मोडेस्तोवर पाहिला. वडिलांना मात्र रस्त्यापलीकडच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जायचे होते. वाघनखे ज्या घरून आली ते घर पाहायचे, असे ते म्हणाले.

त्या वर्षी जुलैमध्ये ही वाघनखे तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आली, तेव्हापासून माझ्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले होते. एक तट म्हणत होता की, महाराजांची वाघनखे आम्ही परत आणली. दुसरा म्हणत होता की, ही ती नव्हेतच आणि आणली म्हणता ती उसनी आहेत. दुसऱ्या तटाचे निम्मे म्हणणे कागदावर खरे होते. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांना संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायला कायद्यानेच जवळजवळ मज्जाव आहे, म्हणून परतीऐवजी उसनवारीची वाट निघते. अस्सलपणाबद्दल तर संग्रहालय स्वतःच सांगते की, ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती, पेटीवर तसा मजकूर कोरलेला आहे, परंतु अफझलखानाच्या वधात वापरली गेली ती हीच, याची खातरजमा करता येत नाही. एका तटाला हे वाक्य अपमान वाटले आणि दुसऱ्याला शस्त्र. ते नुसते वाचून ‘मग कळणार कसे?’ असे विचारणारा ग्रुपवर कोणी निघाला नाही, मीही नाही. तो प्रश्न लेकीने विचारला, आणि ग्रँट डफ कोण, त्याच्याकडे ती कुठून आली, पेटीवरचा मजकूर कोणी कोरला, असे करत आजोबा-नातीचा अर्धा तास गेला.

तिथल्या दक्षिण आशियाच्या दालनात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ होता. खाली पडलेल्या गोऱ्या माणसाच्या नरड्याला त्याने तोंड लावले आहे आणि पोटात बाजाची, म्हणजे ऑर्गनची, यंत्रणा आहे. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो लुटीत नेला. लेक त्याच्यासमोर जमिनीवर पालथी पडून चित्र काढू लागली. गणवेशातली एक बाई आमच्याकडे येताना दिसली तशी मी सवयीने ‘ऊठ, ऊठ’ म्हणू लागलो. बाईंनी घडीचे स्टूल आणून ठेवले आणि पेन्सिलच आहे ना, शाई नाही ना, एवढे विचारून त्या गेल्या. मागच्या उन्हाळ्यात गावाकडच्या एका संग्रहालयात हीच पोर एका ढालीसमोर दोन मिनिटे थांबली, तेव्हा ‘चला पुढे, थांबू नका’ असे तिला तीनदा ऐकावे लागले होते.

इथपर्यंत वाचून मी साहेबाच्या देशाच्या आरत्या ओवाळतो आहे असे कोणाला वाटेल, म्हणून दुसऱ्या दिवशीचेही सांगतो. टॉवर ऑफ लंडनला तिकीट आहे, आणि चांगले महाग आहे. तिथे राजमुकुटांच्या कपाटांसमोर सरकता पट्टा आहे, तुम्ही त्यावर उभे राहायचे आणि पट्टा तुम्हाला पुढे नेतो. कोहिनूर ज्या मुकुटात आहे तो पाहताना मी लेकीला सांगितले की, 1849 मध्ये पंजाब खालसा झाला तेव्हा हा हिरा ज्या तहाने गेला, त्यावर महाराजा दुलीपसिंगाची सही घेतली गेली आणि तो तेव्हा दहा वर्षांचा होता. तुझ्याहून एक वर्षाने मोठा. तिने विचारले, ‘‘मग त्याची आई कुठे होती?’’ राणी जिंदकौरला त्याच्यापासून आधीच दूर ठेवले होते, हे सांगून होईपर्यंत पट्ट्याने आम्हाला शेवटच्या कपाटापाशी आणून सोडले होते. 2023 पासून तिथल्या मांडणीत कोहिनूरला जिंकून घेतल्याचे प्रतीक म्हटले आहे, तेवढा प्रामाणिकपणा आला आहे. पण जिथे मुलाने थांबून विचारावे, नेमका तिथेच पट्टा आहे.

राष्ट्रीय संग्रहालये ‘सर्वांना विनामूल्य’, या शब्दांतही एक मेख आहे. कऱ्हाडच्या मुलाला त्या विनामूल्य दारापर्यंत यायला आधी व्हिसा लागतो. वडिलांच्या अर्जाला बँकेची विवरणे, घराचे कागद आणि मुंबईची एक खेप लागली, तेव्हा कुठे त्यांना टिपूचा वाघ दिसला. या संग्रहालयांची जी बाजू नेहमी मांडली जाते, की वस्तू इथे असल्याने साऱ्या जगाला पाहता येतात, ती मला व्हिसाच्या त्या रांगेत उभे राहिल्यापासून पटत नाही. वस्तू परत मागणाऱ्यांच्या बाजूने मी आहेच. माझी तक्रार एवढीच की, आपल्याकडच्या वादात वस्तू विमानतळावर उतरली, मिरवणूक झाली की विषय मिटतो, आणि काचेपुढे उभ्या राहिलेल्या पोराचे काय, हे कोणत्याही तटाच्या भाषणात येत नाही.

आपल्याकडे हे कोणाला सुचलेच नाही असेही नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2019 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती जमवत उभ्या केलेल्या अख्ख्या संग्रहालयाला बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव आहे.

परतीच्या गाडीत लेकीने वाघनखे काढायला घेतली. आजोबा यायच्या आधी साताऱ्याला जाऊन ती पाहून आले होते, म्हणून ते सांगत होते आणि ती काढत होती. आडवी पट्टी, दोन टोकांना बोटे घालायची दोन कडी, इथपर्यंत ठीक चालले. मग तिने विचारले, ‘‘आजोबा, नख्या चार होत्या की पाच?’’

वडील बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. ‘‘गर्दी फार होती गं. मागे बायका पोरांना उचलून उभ्या होत्या. त्यांना दिसावं म्हणून मीच पुढं सरकलो.’’

पत्नीने फोन काढला, तर लेक म्हणाली की फोनवर बघायचे नाही, मेमध्ये गावी गेलो की मोजून काढायचे. मेमध्ये आम्ही कऱ्हाडला गेलो, तोवर वाघनखे नागपूरला गेली होती, आणि मेच्या उन्हात नागपूर नको असे घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून ठरवले. चित्रात पट्टी आणि कडी काढलेली आहेत, खालची जागा अजून कोरी आहे.