रिमोटची गाडी घेताय? मग खोका नीट बघून घ्या

सगळ्यात आधी खोका बघा, गाडी नंतर. खोक्यावर गाडी डोंगर चढतेय, मागे धुरळा उडतोय असा फोटो असेल तर डोळे झाकून घ्या, कारण घरी आल्यावर ती पायपुसण्यावरसुद्धा चढणार नाहीये, तेव्हा निदान डोंगराचा फोटो तरी हाताशी असावा. खोक्यावर 'फुल फंक्शन', म्हणजे पुढे-मागे, डावी-उजवी सगळं चालतं, असं लिहिलेलं नसेल तर का नाही लिहिलं असं विचारत बसू नका. दुकानदारालाही संसार आहे.

आता स्टीअरिंग. खरी गंमत इथे आहे. मी पहिल्यांदा आणलेल्या गाडीच्या रिमोटवर एकच बटण होतं. मला वाटलं रिमोट डिफेक्टिव्ह आला, उलटापालटा करून बघितला, मागे पण काही नाही. मग कळलं की गाडीचा स्विच ऑन केला की ती आपली आपण पुढे पळत सुटते, थांबायचं नाव नाही, आणि बटण दाबलं की मागे येते आणि मागे येतानाच वळते, तेही एकाच बाजूला. पुढे एक मोकळं चाक असतं, मोटर उलटी फिरली की ते तिरकं होतं, झालं स्टीअरिंग! तुम्हाला डावीकडे जायचंय आणि गाडीला फक्त उजवीकडे तोंड फिरवता येतं, तर पाऊण गिरकी घ्या, घाई कसली आहे. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट लोकांना दाखवली होती, आणि तिचं सुकाणू दुरून फिरवता यायचं. सव्वाशे वर्षांत बघा कुठल्या कुठे आलोय आपण.

जास्त पैसे टाकून चार बटणांची घेतलीत तर डावी-उजवी मिळते, पण 'जरासं डावीकडे' ही भानगड तिथेही नाही. डावीकडे म्हणजे पूर्ण डावीकडे, स्पीड म्हणजे पूर्ण स्पीड, नाहीतर ठप्प. मधलं काही मागू नका, उगाच लाडावल्यासारखं वाटतं. गाडी सरळ जावी म्हणून पोटाखाली एक चिमुकली पट्टी दिलेली असते, ती डावीकडे सरकवली की गाडी डावीकडे ओढते, उजवीकडे सरकवली की उजवीकडे, आणि बरोबर मध्ये ठेवली की तिला वाटेल तिकडे. हॉबीवाल्या गाड्यांत म्हणे सर्व्हो नावाची मोटर असते, जेवढं फिरवाल तेवढंच चाक वळतं. असल्या लोकांच्या नादी लागू नका, त्यांना सरळ जायची सवय लागलेली असते.

चार्जिंगवाली असेल तर दोन-तीन तास चार्ज करा आणि पंधरा-वीस मिनिटं पळवा. बाकीचा वेळ संयम शिकायला. आणि घरात लांब केस असलेलं कोणी असेल तर उत्तमच, तो सगळा केस मागच्या अ‍ॅक्सलला गुंडाळला जातो, मोटर नुसती कण्हते, मग प्लॅस्टिकच्या गिअरचा एक दात जातो आणि त्यानंतर गाडी टक-टक-टक असा आवाज करत जागच्या जागी फार जोरात पळते. मी चिमट्याने तासभर केस काढलेत, स्वतःचे पिकलेले पण निघाले, म्हणून सांगतोय.

दोन मुलं असतील तर भांडण नको म्हणून दोन गाड्या घ्या, त्याच दुकानातून, तशाच. दोन्ही २७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एकाच रेडिओ लहरीवर चालणाऱ्या निघाल्या की काम फत्ते. एकाने बटण दाबलं की दोन्ही गाड्या मागे येतात, दुसऱ्याने दाबलं तरी तेच, आणि दोघेही छातीठोकपणे सांगतात की माझीच गाडी ऐकते. २.४ गिगाहर्ट्झवाल्या गाड्यांना आपापला रिमोट ओळखू येतो, पण मग भांडायला काय उरलं?

आमची गाडी सध्या कपाटावर आहे. झाकणाचा इवलासा स्क्रू अर्धा तास खटपट करून काढला आणि आतले चार सेल बाहेर घेतले, गाडीला ते पुरत नव्हते पण भिंतीवरच्या घड्याळाला त्यातला एक बरोबर पुरला, तीन महिने झाले, अजून चालू आहे. आणि ते उजवीकडे वळतं, पुढे जाता जाता.