ताईच्या ब्लॅकबेरीचे पराग कुणीही मारलेले नाहीत

शनिवारी सकाळी टेक्सासमधल्या, डॅलसजवळच्या प्लेनोहून ताईचा फोन आला. "अरे, ब्लॅकबेरीची दोन झाडं उपटून टाकली. तिसऱ्याला ह्यांनी हात लावू दिला नाही." कारण विचारलं तर एक फॉरवर्ड पाठवला. टेक्सासमधल्या मराठी बायकांच्या निम्म्या ग्रुपांत तो फिरतोय म्हणे.

त्यात लिहिलंय ते असं: बिनकाट्यांची ब्लॅकबेरी म्हणजे जीएमओ, म्हणजे लॅबमध्ये जनुकं बदललेलं पीक. दरवर्षी नवी रोपं विकत घ्यावी लागावीत म्हणून कंपनीने तिचे पराग लॅबमध्येच मारलेले असतात. म्हणून ऑगस्टमध्ये अर्धवट, हातात भुगा होणारी फळं येतात. त्यात फाइव्ह-जीने मधमाश्या संपल्या. फुलांवर गुळाचं पाणी मारा, शेजारी 'नर' झाड लावा, नाहीतर उपटा. मुलांना ही फळं देऊ नका. शेवटी "शास्त्रज्ञांनी मान्य केलं". कोणत्या शास्त्रज्ञांनी, ते विचारायचं नाही.

मी ताईला एवढंच विचारलं, "जूनमध्ये चाळणीभर फळांचा फोटो कुणी पाठवला होता?"

त्याच झाडांचा होता तो. तिची जात प्राइम-आर्क फ्रीडम. ही वर्षातून दोनदा फळते. गेल्या वर्षीच्या फोकांना (मुळापासून फुटलेल्या लांब फांद्यांना) वसंतात फुलं येऊन मे-जूनमध्ये फळं धरतात. यंदा फुटलेले फोक ऐन उन्हाळ्यात फुलतात, त्यांची फळं पुढे. मूळ तेच, जनुकं तीच. पराग लॅबमध्येच मेले असते तर जूनची चाळणी भरली कशी? दोन बहरांत बदललं ते हवामान.

ब्लॅकबेरीचं एक फळ म्हणजे खरं तर छोट्या छोट्या फळांचा घोस. एका फुलात कितीतरी स्त्रीकेसर, म्हणजे मादी भाग, असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला पराग मिळून फलन झालं तरच त्या जागी दाणा भरतो. निम्म्यांचं झालं नाही तर निम्मं फळ. ताईला 'विषारी' वाटलं ते हेच.

आता ऊन नेमकं काय करतं? ओहायोतल्या संशोधकांनी 2007 साली 'हॉर्टसायन्स' या उद्यानशास्त्राच्या नियतकालिकात एक अभ्यास छापला. फ्रीडमच्या आधीच्या प्राइम-जॅन आणि प्राइम-जिम या जाती त्यांनी तीन तापमानांत वाढवल्या: दिवसा साधारण 24, 29 आणि 35 अंश सेल्सिअस, रात्री त्याहून अकराएक अंश कमी. तापमान चढलं तसे जिवंत पराग घटले, कुक्षीची (स्त्रीकेसराच्या टोकाची) पराग स्वीकारण्याची ताकद घटली आणि दाणे धरणंही घटलं. म्हणजे नुसता परागाचा दोष नाही, फुलाची मादी बाजूही उन्हाने थकते. डॅलसकडे ऑगस्टात 38 अंश ही बातमीसुद्धा होत नाही, आणि रात्रीही हवा निवत नाही.

यात लपवाछपवी कसली? या दोन जाती आर्कान्सास विद्यापीठाने 2004 मध्ये आणल्या, आणि कॅलिफोर्निया-ऑरेगनच्या थंड पट्ट्यात उत्तम फळणारा त्यांचा उशिराचा बहर खुद्द आर्कान्सासच्या उन्हाळ्यात फसतो, हे पैदास करणाऱ्यांनीच सांगितलं. त्यांची ती डोकेदुखीच आहे. संकर करायचे, रोपं वाढवायची, उन्हातही दाणे भरणारी निवडायची, यात वर्षंच्या वर्षं जातात.

काटे नसण्याचा गुण 'मर्टन थॉर्नलेस' या जुन्या इंग्लिश जातीतून संकर करत करत आला. आर्कान्सासची बिनकाट्यांची 'नावाहो' 1988 ची. बाजारातलं पहिलं जीएम खाद्यपीक, फ्लेव्हर सेव्हर टोमॅटो, त्यानंतर सहा वर्षांनी आलं. फ्रीडमही साध्या संकरातूनच आली आहे. हां, नॉर्थ कॅरोलिनाच्या पेअरवाइज कंपनीने 2024 मध्ये जीन-एडिटिंगने केलेली बिनबियांची ब्लॅकबेरी जाहीर केली, तेवढं खरं. पण फ्रीडम त्याच्या कितीतरी आधीची. ताईच्या अंगणाशी त्या बातमीचा संबंध काय?

आणि दरवर्षी रोपं घ्यायची? ब्लॅकबेरी एकदा लावली की दहाबारा वर्षं सहज टिकते. पेटंट असतं हे मान्य. ते संपेपर्यंत परवान्याशिवाय रोपं करायला-विकायला बंदी, हेही मान्य. पण मूळ मातीत असताना पराग मारून कंपनीला काय मिळणार? फळ आलं नाही तर पुढच्या वेळी माणूस दुसरी जात घेईल!

बाकीचं पटकन. 'नर' झाड नसतंच. फूल द्विलिंगी, आणि फ्रीडम स्वतःच्या परागावर फळते. मधमाश्या आल्या तर दाणे जास्त भरतात, हे फॉरवर्डमधलं एकुलतं अर्धसत्य. पण जूनमध्ये मधमाश्या होत्या आणि ऑगस्टमध्ये फाइव्ह-जीने मेल्या? टॉवर जूनमध्ये झोपला होता का? गुळाच्या पाण्याने मुंग्या येतील. आणि हो, विषाणूनेही फळ असं भुगा होतं, पण तेव्हा जूनचाही बहर बिघडलेला दिसेल. ताईचा तर चाळणीत मावत नव्हता.

करायचं ते सोपं आहे. नवे फोक कमरेएवढे झाले की शेंडा खुडायचा, बाजूच्या फांद्या लांबल्या की त्यांचाही. फुलं उशिरा येतात, त्यातली बरीच ऊन उतरल्यावर. तोवर दुपारची सावली मिळाली तर उत्तम. आणि ऑगस्टची फळं वाईट दिसली तरी खायला काही हरकत नाही.

ताईने शेवटी विचारलं, "उपटलेल्यांचं काय करू?" म्हटलं, खड्डे तसेच ठेव, पाणी दे. मुळांचे तुकडे राहिले असतील तर त्यांतून कोंब येतील, आणि तेही बिनकाट्यांचेच. फक्त ते विकायला काढू नकोस.